जपानच्या शहरांतल्या विजेच्या लोकल गाड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिंकानसेनबद्दल, म्हणजे बुलेट ट्रेनबद्दल, मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यामुळे ती या पानावर नाही. इथे आहेत तोक्यो, ओसाका, योकोहामा या शहरांत रोज सकाळ-संध्याकाळ माणसं भरभरून नेणाऱ्या गाड्या. दिसायला चौकोनी, बऱ्यापैकी सारख्या, आणि माझ्या मते शिंकानसेनपेक्षा जास्त डोकं लावून घडवलेल्या. प्रश्न विशिष्ट क्रमाने लावलेले नाहीत. हवा तो वाचावा.

शहरी लोकल ओळखायची कशी?

डबा २० मीटर लांब, एका बाजूला चार दरवाजे, आणि खिडकीला पाठ लावून बसायची लांब बाकं. तोक्यो परिसरात जेआर ईस्ट (जुन्या राष्ट्रीय रेल्वेतून निघालेली कंपनी) आणि बहुतेक खासगी कंपन्या हाच साचा वापरतात. अपवाद आहेत: केक्यू कंपनीचे डबे १८ मीटरचे आणि तीन दरवाज्यांचे, ओसाकाकडच्या हांक्यूचे साधारण १९ मीटरचे आणि तेही तीन दरवाज्यांचे.

जपानी राष्ट्रीय रेल्वे १९८७ मध्ये विभागली गेली आणि तिच्या जेआर कंपन्या झाल्या. त्याआधी 'शहरी' आणि 'उपनगरी' असे दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे असत. उपनगरी गाडीला तीन दरवाजे, समोरासमोरच्या सीट आणि शौचालय. २००० साली ई-२३१ ही गाडी आली तेव्हा जेआर ईस्टने हा भेद मोडीत काढला आणि एकाच आराखड्यातून दोन्ही कामांच्या गाड्या काढल्या. म्हणून आज तोक्योहून दीड-दोन तास लांब जाणाऱ्या गाडीतही तुम्हाला चार दरवाजे आणि लांब बाकं मिळतात. पाठदुखीवाल्यांनी याची नोंद घ्यावी.

पण चारच दरवाजे का? जास्त का नाहीत, कमी का नाहीत?

या पानावरचा खरा प्रश्न हाच. बाकीची बरीच उत्तरं यातूनच निघतात.

यामानोते ही तोक्योची वर्तुळाकार मार्गिका ३४.५ किलोमीटरची आहे, तिच्यावर ३० स्थानकं आहेत आणि एक फेरा साधारण तासाभरात होतो. म्हणजे सरासरी दर १.१५ किलोमीटरला थांबा. अशा ठिकाणी गाडीचा कमाल वेग किती, याला फार अर्थ उरत नाही. गर्दीच्या वेळी मागची गाडी काही मिनिटांवरच असते. शिंजुकू स्थानकात लोक उतरायला वीस सेकंद जास्त लागले की मागची गाडी सिग्नलला अडते, तिच्या मागची आणखी मागे. म्हणून इथला अभियंता मोटरच्या ताकदीइतकाच दरवाज्याचा विचार करतो.

चार दरवाज्यांचा २० मीटरचा डबा १९४४ मध्ये आला. ती '६३ मालिका' (मालिका म्हणजे गाडीचं मॉडेल). युद्धाच्या टंचाईतली, निकृष्ट सामानाची गाडी. कारखान्यांत कामगार पोचवणं एवढंच तिचं काम. पण चार दरवाज्यांची कल्पना टिकली. आज दरवाज्याची रुंदी साधारण १.३ मीटर असते. दोन जण एकाच वेळी चढू-उतरू शकतात.

मग चारही अपुरे पडू लागले. केइहान कंपनीने १९७० मध्ये ओसाकात ५००० मालिका आणली. एका बाजूला पाच दरवाजे. गंमत पुढे आहे: गर्दी ओसरली की त्यातले दोन दरवाजे बंद ठेवायचे आणि त्यांच्या जागी छतालगत लपवलेली बाकं खाली उतरवायची. सकाळी पाच दरवाजे, दुपारी तीन दरवाजे आणि जास्त सीट. ही यंत्रणा पन्नास वर्षं चालली. यामानोतेवर १९९० मध्ये सहा दरवाज्यांचा डबा आला. सकाळी दहापर्यंत त्यातली बाकं दुमडून कुलूपबंद असत, म्हणजे त्या डब्यात बसायची सोयच नाही. पुढे चुओ-सोबु मार्गिकेवर आणि तोक्यु या खासगी कंपनीच्या गाड्यांतही असे डबे जोडले गेले.

काहींनी दरवाजे वाढवण्याऐवजी रुंद करून पाहिले. ओदाक्यु कंपनीने २ मीटरचे दरवाजे केले, पण सीट कमी झाल्या आणि लोक दरवाज्यातच घोळका करून उभे राहू लागले. शेवटी दार १.६ मीटरच उघडेल अशी व्यवस्था करावी लागली. आपल्याकडच्या लोकलच्या दारात उभं राहणाऱ्यांना हे कुणी समजावून सांगायला नको. तोझाइ भुयारी मार्गिकेवर मात्र १.८ मीटरचा दरवाजा खपून गेला, आणि २०१० च्या १५००० मालिकेत तो पुन्हा वापरला गेला.

मग सहा दरवाज्यांचे डबे गेले कुठे?

फलाटावरच्या सरकत्या दारांनी त्यांचा बळी घेतला. फलाटाच्या कडेला कठडा आणि त्यात दारं बसवायची, तर प्रत्येक गाडीचे दरवाजे ठरलेल्या जागीच यायला हवेत. यामानोतेवर २०१० मध्ये एबिसू स्थानकापासून ही दारं बसवायला सुरुवात झाली आणि २०११ पर्यंत तिथले सहा दरवाज्यांचे सगळे डबे काढून टाकले. तोक्युने ते २०१७ मध्ये काढले, चुओ-सोबुवर ते २०२० पर्यंत टिकले, आणि केइहानची पाच दरवाज्यांची गाडी २०२१ मध्ये निवृत्त झाली.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. यामानोतेच्या गाडीला अकरा डबे असतात आणि शेजारच्या केइहिन-तोहोकु मार्गिकेच्या गाडीला दहा. ताबाता ते तामाची या भागात दोन्ही मार्गिका समांतर जातात आणि दुरुस्तीच्या वेळी एकीच्या गाड्या दुसरीच्या रुळांवर येतात. केइहिन-तोहोकुचा दहावा डबा टोकाचा. त्यात मोटरमनची केबिन असल्याने दरवाजे थोडे सरकलेले. आता फलाटावरची दारं दोघींनाही चालायला हवीत. म्हणून यामानोतेच्या दहाव्या डब्याला केबिन नसूनही त्याचे दरवाजे मुद्दाम सरकवून बांधले. हे डबे सहा दरवाज्यांच्या डब्यांच्या जागी आलेले, तसे नवेच. त्यामुळे पुढे ई-२३५ आली तेव्हा ते भंगारात न काढता नव्या गाड्यांत जोडले. यामानोतेला गेलात तर दहाव्या डब्याकडे नीट बघा, शेजारच्या डब्यांपेक्षा तो वेगळा कळून येतो.

ओसाकाच्या वर्तुळाकार मार्गिकेने उलटा रस्ता धरला. तिथे बाहेरून येणाऱ्या तीन दरवाज्यांच्या गाड्याही धावतात. म्हणून २०१६ च्या ३२३ मालिकेत दरवाजे चारवरून तीनवर आणले, म्हणजे सगळ्या गाड्यांचे दरवाजे जुळतील.

गर्दीची टक्केवारी कशी काढतात?

तासाभरात ठरावीक दोन स्थानकांमधून किती प्रवासी गेले, भागिले त्या तासातल्या गाड्यांची क्षमता. क्षमता म्हणजे फक्त सीट नव्हे. बसलेले आणि कडी किंवा खांब धरून नीट उभे असलेले मिळून १०० टक्के. सरकारी वर्णनांनुसार १८० टक्क्यांना वर्तमानपत्र घडी घालूनच वाचता येतं, २०० टक्क्यांना अंगाला अंग घासतं पण साप्ताहिक कसंबसं हातात धरता येतं, आणि २५० टक्क्यांना हातही हलवता येत नाही. तोझाइ मार्गिकेवर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात २०१९ साली हे प्रमाण १९९ टक्के होतं. पांढरे हातमोजे घालून लोकांना आत ढकलणाऱ्या कर्मचाऱ्यांचे फोटो बहुतेक त्याहून जुन्या काळातले असतात.

आज तोक्योत उतरलो तर कोणत्या गाड्या दिसतील?

यामानोतेवर ई-२३५: समोर मोठा चौकोनी काळा चेहरा, बाजूला हिरव्या ठिपक्यांचा पट्टा. २०२० च्या जानेवारीपासून या मार्गिकेवर फक्त याच गाड्या आहेत, अकरा डब्यांच्या पन्नास. योकोसुका-सोबु मार्गिकेवर तिचीच भगिनी धावते. पहिली ई-२३५ नोव्हेंबर २०१५ मध्ये मोठ्या गाजावाजात सुरू झाली आणि बिघाडांमुळे पहिल्याच दिवशी सेवेतून काढावी लागली. परत आली ती मार्च २०१६ मध्ये.

चुओ, केइहिन-तोहोकु, साइक्यो या मार्गिकांवर ई-२३३. ही २००६ पासूनची गाडी, तीन हजारांहून जास्त डबे. तिच्या आधीच्या पिढीत एखादा भाग बिघडला की अख्खी मार्गिका खोळंबायची, म्हणून ई-२३३ मध्ये महत्त्वाची यंत्रणा दुहेरी ठेवली. एक बिघडली तरी दुसरीवर गाडी घरी जाते. रोजच्या प्रवाशाला हा बदल कधी दिसत नाही, आणि तेच त्याचं यश.

चुओ जलद मार्गिकेवर मार्च २०२५ पासून प्रत्येक गाडीत दोन दुमजली 'ग्रीन कार' आहेत. जादा पैसे भरून बसून जायचे डबे. दहाची गाडी त्यामुळे बारा डब्यांची झाली.

जुन्या फोटोंत पूर्ण नारिंगी, पूर्ण हिरव्या गाड्या दिसतात. त्या कोणत्या?

१०१ आणि १०३ मालिका. १०१ ही १९५७ मध्ये चुओ मार्गिकेवर आली, अंगभर नारिंगी. त्याआधी गाड्या तपकिरी असत, मोटर थेट आसावर लटकलेली असे आणि खडखडाट फार. १०१ मध्ये मोटर बोगीच्या (डब्याखालच्या चाकांच्या गाड्याच्या) सांगाड्यावर बसवली आणि ताकद आसापर्यंत लवचीक जोडणीने नेली. गाडी हलकी, शांत आणि चपळ झाली. रंगही त्याच काळात मार्गिकेची खूण बनला: चुओ नारिंगी, केइहिन-तोहोकु आकाशी, सोबु पिवळी, जोबान पाचूसारखी हिरवी.

यामानोतेचा पोपटी मूळचा नव्हे. १९६१ मध्ये तिथे पिवळी १०१ आली होती. नंतर पोपटी १०३ आली, पिवळ्या गाड्या सोबुला गेल्या आणि रंगही तिकडेच राहिला. आजच्या स्टेनलेस स्टीलच्या डब्यांवरचे पट्टे त्याच रंगांचे आहेत.

१०३ मालिकेच्या इतक्या गाड्या का बांधल्या?

कारण १०१ अर्धवट फसली होती. ती आखली तेव्हा प्रत्येक डब्याला मोटर असेल असं ठरलं होतं. पण इतक्या गाड्या एकदम वेग घेऊ लागल्या तर सब-स्टेशनांना झेपेना. मग मोटर नसलेले डबे मधे घालावे लागले आणि गाडीची सगळी चपळाई बोथट झाली.

१०३ ने धडा घेतला: मोटर थोडी मोठी, मोटरवाले आणि बिनमोटरचे डबे निम्मे-निम्मे असले तरी चालेल असं गणित, आणि जवळजवळच्या थांब्यांना सोयीचं गिअरचं प्रमाण. १९६३-६४ पासून १९८४ पर्यंत ३,४०० हून जास्त डबे बांधले गेले. दोन थांब्यांत जास्त अंतर असलेल्या मार्गिकांवरही तीच गाडी पाठवली, आणि तिथे ती धापा टाकत असे. एकच आराखडा सगळीकडे लावायचा, हा राष्ट्रीय रेल्वेचा स्वभाव होता. खासगी कंपन्या तेव्हा कितीतरी जास्त धाडसी होत्या.

स्टेनलेस स्टीलचे डबे कुणी आणले?

तोक्युने. १९५८ च्या तोक्यु ५२०० मालिकेत बाहेरचा पत्रा स्टेनलेस होता, आतला सांगाडा साधा. १९६२ ची ७००० मालिका पूर्ण स्टेनलेस, फिलाडेल्फियाच्या बड कंपनीच्या परवान्याखाली बांधलेली. त्याच वर्षी कोबेजवळच्या सान्यो कंपनीने जपानचा पहिला अॅल्युमिनियमचा डबा रुळांवर आणला. रंगकाम वाचतं, गंज नाही, वजन कमी. राष्ट्रीय रेल्वेला शहरी गाड्यांत स्टेनलेस सरसकट घ्यायला १९८५ ची २०५ मालिका उजाडावी लागली.

हांक्यूचे डबे अॅल्युमिनियमचे असले तरी ते रंगवतात. किरमिजी तपकिरी, शंभराहून अधिक वर्षं तोच. आत लाकडी नक्षीच्या भिंती आणि हिरव्या मखमली सीट. हिशेबी माणसाला हा खर्च पटणार नाही, पण ओसाका-कोबेच्या माणसाला हांक्यू दुसऱ्या रंगात दाखवून बघा.

'अर्धं वजन, अर्धी किंमत, अर्धं आयुष्य' हे काय प्रकरण आहे?

जेआर ईस्टने १९९२ मध्ये ९०१ या प्रायोगिक गाड्या बांधल्या आणि त्यातून १९९३ मध्ये केइहिन-तोहोकुवर २०९ मालिका आली. तिचं ब्रीद हेच होतं. तोवर डबा तीस-चाळीस वर्षं वापरायचा, मधे एकदा उघडून पूर्ण नवा करायचा, हा रिवाज. २०९ च्या मागचा विचार वेगळा: हिशेबात तेरा वर्षांत किंमत वसूल होते, तर तेवढ्यापुरती स्वस्त आणि हलकी गाडी करा. मग मोठ्या दुरुस्तीवर पैसे ओतायचे की नवी घ्यायची, हे तेव्हाची गरज बघून ठरवा. वीज खाणाऱ्या जुन्या गाड्या केवळ चालतात म्हणून चालवत राहू नका.

लोकांनी 'टाकाऊ गाडी' म्हणून नावं ठेवली. सीट कडक होत्या हे खरं, आणि सुरुवातीला बऱ्याच खिडक्या उघडत नव्हत्या हेही खरं. पण २०१० पर्यंत केइहिन-तोहोकुवर सेवा देऊन यातल्या पुष्कळ गाड्या चिबाच्या बोसो भागात गेल्या आणि तिथे धावत राहिल्या. 'अर्धं आयुष्य' शब्दशः घेणाऱ्यांची पंचाईत झाली. निईगाताजवळच्या निइत्सुला १९९४ मध्ये जेआर ईस्टने स्वतःचा कारखाना काढला. एकाच आराखड्याचे डबे सातत्याने काढत राहायचे, हा विचार २०९ पासून ई-२३५ पर्यंत तसाच आहे. माझ्या मते जपानी लोकलच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गाडी १०३ नव्हे, २०९.

गाडी सुटताना सूर लावल्यासारखा आवाज येतो तो कसला?

इन्व्हर्टरचा. जुन्या गाड्यांत मोटरकडे जाणारी वीज रोधकांतून नेत आणि वेग वाढला की एकेक रोधक वगळत. नको असलेली वीज उष्णता होऊन वाया जाई. इन्व्हर्टर वरच्या तारेतली डीसी वीज पाहिजे त्या वारंवारतेच्या एसीत बदलतो, मग साध्या दणकट एसी मोटर चालतात. ब्रशची झीज नाही, ब्रेक लावताना वीज तारेत परत जाते. जपानमध्ये अशी पहिली गाडी म्हणजे १९८२ ची कुमामोतो शहराची ट्राम. मोठ्या लोकल गाड्यांत ती १९८४ च्या आसपास आली.

इन्व्हर्टरमधले अर्धवाहक सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उघड-बंद होतात आणि ते मोटरमधून ऐकू येतं. केक्यूच्या १९९८ च्या २१०० मालिकेत आणि नंतरच्या १००० मालिकेत सीमेन्सचे इन्व्हर्टर होते. तिथल्या अभियंत्यांनी वारंवारतेच्या पायऱ्या संगीताच्या सप्तकाप्रमाणे बसवल्या, आणि गाडी चक्क सरगम गात सुटायची. पुढे ते इन्व्हर्टर बदलत गेले आणि २०२१ च्या उन्हाळ्यात शेवटची गाणारी गाडी मुकी झाली. ई-२३५ मध्ये सिलिकॉन कार्बाइडचे अर्धवाहक आहेत; वीज कमी खातात, आवाजही कमी. शौकिनांना हे अजून पूर्ण पचलेलं नाही.

भुयारी गाड्या वेगळ्या का असतात?

मुख्यतः उष्णतेमुळे. रोधकांतून निघणारी उष्णता बोगद्यात कुठे जाणार? म्हणून तोक्योच्या चियोदा मार्गिकेच्या ६००० मालिकेत (नमुना १९६८, नियमित १९७१) चॉपर नियंत्रण (रोधकांत वीज न जाळता ती भराभर तोडत-जोडत मोटरला देणं) आणि वीज परत करणारे ब्रेक वापरले. त्याच कारणाने तोक्योच्या भुयारी गाड्यांत एसी बसवायला १९८८ उजाडलं. तोवर गाड्यांऐवजी बोगदे आणि स्थानकं थंड करायची, असं धोरण होतं. गाडीचा एसी आतली गरम हवा बोगद्यातच सोडणार, ही भीती.

खोदकाम स्वस्त पडावं म्हणून ओसाकाची नागाहोरी त्सुरुमि-र्योकुची (१९९०) आणि तोक्योची ओएदो (१९९१) या मार्गिकांवर लिनिअर मोटरच्या बुटक्या गाड्या आहेत. मोटरचा अर्धा भाग रुळांच्या मधोमध पसरलेला असतो, त्यामुळे गाडीचा तळ खाली येतो आणि बोगदा लहान होतो. ओएदोत उंच माणसाला ते लगेच जाणवतं. सापोरोत तर १९७१ पासून रबरी टायरची मेट्रो आहे.

एकाच रुळांवर चार कंपन्यांच्या गाड्या कशा धावतात?

मेट्रो शहराखालून जाते आणि दोन्ही टोकांना खासगी कंपन्यांच्या मार्गिकांना जुळते. गाडी तशीच पुढे जाते, बदलतो तो फक्त मोटरमन. सुरुवात डिसेंबर १९६० मध्ये आसाकुसा मार्गिका आणि केइसेइ यांच्यात झाली. त्यासाठी केइसेइने आपलं अख्खं जाळं १,३७२ मिलिमीटरच्या गेजवरून (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) १,४३५ वर नेलं.

गेजचा हा घोळ जपानभर आहे. जेआरच्या जुन्या मार्गिका १,०६७ मिलिमीटरच्या. केक्यू, हांक्यू, हानशिन, केइहान १,४३५ च्या. केइओची मुख्य मार्गिका आणि तिला जोडलेली शिंजुकू भुयारी मार्गिका अजूनही १,३७२ वर. म्हणून मेट्रोची प्रत्येक मार्गिका कुणाशी जोडायची यावर तिचा गेज, डब्याची लांबी, दरवाजे आणि सिग्नल ठरतात. केक्यूचा एक जुना हट्ट असा की टोकाच्या डब्याला मोटर हवीच. पुढचा डबा जड असला तर तो सहज रुळांवरून उतरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. केक्यूच्या रुळांवर येणाऱ्या पाहुण्या गाड्यांनाही तो पाळावा लागतो.

वीज कोणती वापरतात?

तोक्यो-ओसाका परिसरात मुख्यतः १,५०० व्होल्ट डीसी. मुंबईची लोकलही २०१६ मध्ये शेवटचा टप्पा बदलेपर्यंत याच विजेवर धावत होती. तोक्योच्या गिंझा आणि मारुनोउची या जुन्या भुयारी मार्गिका ६०० व्होल्टवर, तिसऱ्या रुळातून.

तोक्योच्या ईशान्येला एक मजेशीर अडचण आहे. इबाराकीमध्ये काकिओकाला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आहे. डीसी रेल्वेची वीज जमिनीत झिरपली की तिथली मोजणी बिघडते. म्हणून जोबान मार्गिका तोरिदेच्या पुढे २०,००० व्होल्ट एसीवर जाते, आणि त्सुकुबा एक्सप्रेस मोरियाच्या पुढे. परिणामी ई-५३१ आणि टीएक्स-२००० यांसारख्या दोन्ही विजांवर चालणाऱ्या महागड्या गाड्या घ्याव्या लागल्या. पूर्वीच्या ४१५ मालिकेत वीज बदलताना डब्यातले दिवे काही क्षण विझत. नवखे प्रवासी दचकत, रोजचे डोकं वर काढत नसत.

डब्यावर 'मोहा', 'कुहा' अशी अक्षरं असतात, ती कशी वाचायची?

'कु' म्हणजे केबिन असलेला पण मोटर नसलेला डबा, 'मो' म्हणजे मोटर, 'सा' म्हणजे दोन्ही नसलेला, 'कुमो' म्हणजे दोन्ही असलेला. शेवटचं 'हा' साध्या वर्गाचं, 'रो' ग्रीन कारचं. आकड्यापुढचं 'ई' जेआर ईस्टचं. तीन आकड्यांत पहिला १ ते ३ असेल तर डीसी, ४ ते ६ असेल तर दोन्ही, ७-८ असेल तर एसी. खासगी कंपन्या हे पाळत नाहीत, त्यांचे हजारांचे आकडे त्यांनाच ठाऊक.

दरवाज्याजवळ आपत्कालीन हँडल असतं, त्याचा इतिहास काय?

दोन अपघात. २४ एप्रिल १९५१ रोजी योकोहामाच्या साकुरागिचो स्थानकात तुटलेल्या ओव्हरहेड वायरीत ६३ मालिकेच्या गाडीचा पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) अडकला आणि छत पेटलं. काचेच्या टंचाईमुळे खिडक्या तीन तुकड्यांच्या, मधला पक्का बसवलेला. माणूस बाहेर पडू शकत नव्हता. शेजारच्या डब्यात जायचं दार उपयोगाचं नव्हतं. हाताने दरवाजे उघडायची कळ होती, पण ती कुठे आहे हे प्रवाशांना कुणी सांगितलंच नव्हतं. १०६ माणसं मेली. त्यानंतर कळीवर ठळक खुणा आल्या, डब्यांमधून ये-जा करायची वाट सक्तीची झाली, आणि उरलेल्या ६३ गाड्या सुधारून त्यांना ७३ मालिका म्हणू लागले.

३ मे १९६२ रोजी तोक्योतल्या मिकावाशिमाला गाड्यांची टक्कर झाली. आता कळ सगळ्यांना माहीत होती. प्रवाशांनी दरवाजे उघडले, रुळांवर उतरले, आणि समोरून आलेली गाडी त्यांच्यात घुसली. १६० मृत्यू. म्हणूनच आज सूचनेत लिहिलेलं असतं की कर्मचाऱ्यांच्या सांगण्याशिवाय खाली उतरू नका.

महिलांचा डबा असतो का?

असतो, पण बहुतेक ठिकाणी फक्त गर्दीच्या वेळी. उरलेल्या वेळात तोच डबा सर्वांचा. मुंबईसारखी कायमची जाळी नाही. १९१२ मध्ये चुओ मार्गिकेवर विद्यार्थिनींसाठी वेगळी गाडी निघाली होती. युद्धानंतर १९४७ मध्ये महिला-मुलांचा डबा आला आणि १९७३ मध्ये ज्येष्ठांच्या राखीव सीट आल्या तेव्हा तो गेला. आजची पद्धत २००० च्या डिसेंबरात केइओने रात्रीच्या गाड्यांत करून पाहिलेल्या प्रयोगातून आली.

सीट फिरणाऱ्या लोकल गाड्या खऱ्या आहेत?

आहेत. किंतेत्सुने १९९६ पासून अशा सीट वापरल्या: गर्दीत खिडकीला समांतर, एरवी प्रवासाच्या दिशेला. तोक्योत तोबु, सेइबु, केइओ आणि तोक्युने तीच युक्ती जादा भाड्याच्या संध्याकाळच्या गाड्यांसाठी उचलली. तीच गाडी सकाळी साधी लोकल, संध्याकाळी आरक्षित.

जुन्या गाड्यांचं काय होतं?

बऱ्याचशा भंगारात, काही खेड्यापाड्यांतल्या छोट्या रेल्वेंकडे, आणि शेकडो डबे जकार्ताला गेले. जकार्तात डचांनी १९२५ मध्ये रेल्वेचं विद्युतीकरण केलं तेही १,५०० व्होल्ट डीसीचं आणि गेजही १,०६७ चा, त्यामुळे जपानी गाडी जवळजवळ तशीच धावू शकते. २००० साली तोक्यो शहराने मिता मार्गिकेचे ७२ डबे भेट दिले. मागोमाग १०३, २०५, चियोदाची ६००० आणि तोक्युच्या गाड्या गेल्या. दगडफेकीपासून बचावाला पुढच्या काचेवर जाळी तेवढी तिकडे बसली.

सर्वांत लांब गेल्या त्या मारुनोउचीच्या लाल गाड्या, १९९० च्या दशकात थेट ब्युनोस आयर्सच्या 'बी' मार्गिकेवर. तिथेही १,४३५ चा गेज आणि तिसऱ्या रुळातून वीज. त्यातले चार डबे तोक्यो मेट्रोने २०१६ मध्ये परत मायदेशी आणले, जतन करायला.

जुन्या गाड्या जवळून कुठे बघता येतील?

ओमियाच्या रेल्वे संग्रहालयात १०१ आहे, शिवाय १९०४ मध्ये तोक्योत विजेची गाडी सुरू करणाऱ्या कोबु रेल्वेचा एक डबा. क्योतोच्या रेल्वे संग्रहालयात १०३ चा पहिल्या क्रमांकाचा 'कुहा' आहे. तोक्योत कासाइला भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे १९२७ चा गिंझा मार्गिकेचा पिवळा डबा आणि मारुनोउचीचा लाल ३०१ शेजारी-शेजारी उभे आहेत. हे संग्रहालय तिकीट काढण्यापासूनच मुलांना आवडतं. 'हिरवा बेडूक' म्हणून ओळखली जाणारी तोक्यु ५००० शिबुयात हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यासमोर असायची. २०२० मध्ये ती हाचिकोच्या गावी, अकिताच्या ओदातेला नेली. शिबुयात शोधत बसू नका.